ताडीने हललेल्या चार खुणा

किरणांच्या उपचाराला जाताना वाटेत मी तीन ग्लास ताडी प्यालो. मूत्राशय रिकामं ठेवून यायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना.

ते २०१७ सालचे थंडीचे दिवस. मूत्राशयातली कॅन्सरची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली होती आणि ती होती त्या जागेभोवती तेलकट औषधाचे चार थेंब टोचून ठेवले होते. एक्स-रेच्या फोटोत ते पांढरे दिसत. त्या खुणांवर नेम धरून किरणं द्यायची. जमलं तर मूत्राशय वाचणार, नाहीतर ते काढून पोटाला जन्मभर लघवीची थैली.

इस्पितळ होतं हद्दीपलीकडे, गुजरातेत. मसोलीहून निघालो, तलासरीच्या अलीकडे ताडवाल्याची झोपडी दिसली. सकाळची गोड ताडी लघवी साफ करते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायको गाडीत डुलक्या घेत होती. पलीकडे दारूबंदी, पण पोटात घालून नेलेलं कोण तपासतंय, असा माझा हिशेब.

तपासलं.

पोचल्यावर लघवीला जाऊन आलो, मग पाऊण तास बाकावर बसलो. आत मशिनखाली झोपवलं. फोटो घेणारी मुलगी म्हणाली, "काका, हलू नका." पुन्हा फोटो. मग ती बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. ते दाराशीच हळू बोलले, पण मला ऐकू आलं, "चारही खुणा सरकल्यात."

गाठ परत वाढली, तिनेच खुणा ढकलल्या, असंच वाटलं. छताकडे बघत होतो, पण दिसत होती ती थैली.

बाहेर आणून बायकोसमोर बसवलं. तीही पांढरीफटक.

"सकाळपासून काय काय प्यालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी."

"किती?"

"पाणी नाही... ताडी. तीन ग्लास. औषध म्हणून."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. मूत्राशय फुग्यासारखं भरलंय, म्हणून खुणा लांब गेल्यात, गाठ वाढलेली नाही, म्हणाले. आता रिकामं करून या, पुन्हा फोटो घेऊ. पण तशीच किरणं दिली असती, तर गाठीची जागा सोडून भलतंच भाजलं असतं.

मला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात बायको बोलली.

"डॉक्टर, गाठीला खुणा केल्यात ते ठीक. ह्यांच्या अकलेला करायला जाऊ नका. दुर्बिणीतूनसुद्धा सापडायची नाही."