सुपारी ठेवून नेलेलं जहाज

ती घटना आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मी भोरला फौजदार होतो. तिथल्या वाचनालयातून एक दुर्मिळ इंग्रजी पुस्तक नाहीसं झालं. अठराव्या शतकातल्या एका आरमारी सफरीची हकिकत, चामड्याची बांधणी, आत शिडाच्या जहाजांची मोठी चित्रं. फिर्यादीमागोमाग खबरही आली, की ग्रंथपालानेच ते पुण्याच्या व्यापाऱ्याला विकलं. खबर देणाऱ्याच्या मेव्हण्याचा त्या नोकरीवर डोळा आहे, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही. ग्रंथपालाला घरी बसवलं होतं आणि त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं.

पंचनाम्याला गेलो. कपाटातल्या रिकाम्या जागी हळदकुंकू वाहिलेली सुपारी होती. पंच मागे सरले. "करणी दिसतीय साहेब, हात लावू नगा."

मला आमचं देवघर आठवलं. देव उजळायला सोनाराकडे द्यायचा झाला, तर आई त्याच्या जागी सुपारी मांडायची. देव परत यायचा असतो, जागा मोकळी ठेवायची नाही. भुरट्या चोराला एवढं सोवळं कुठलं?

ग्रंथपालाला ठाण्यात बोलावून चहा दिला. कितीही विचारलं तरी "मला माहीत नाही" हेच त्याचं पालुपद. शेवटी म्हटलं, "या पुस्तकाला नमस्कार कोणी केला होता?"

त्याने मान खाली घातली. "मार्गासनी गावच्या एक आजी. मुलगा बोटीने लढाईवर गेलाय. जहाज कसं असतं म्हणाल्या, म्हणून चित्र दाखवलं. नाव घेतलं असतं तर तुम्ही त्यांना धरून आणलं असतं."

स्वतःची अब्रू जात असताना हा माणूस गप्प राहिला होता. मी मार्गासनीला साध्या कपड्यांत गेलो. पुस्तक देवघरातच होतं, जहाजाचं पान उघडं, वर झेंडू.

"व्हय, म्याच आणलं," आजी म्हणाल्या. "पोरगं सुखरूप आलं की ठिवून येनार हुते. तवर हलवू नगा."

मी ग्रंथपालाची हकिकत सांगितली. त्या उठल्या, पुस्तकाच्या जागी सुपारी मांडली आणि पुस्तक माझ्या हाती दिलं.

"माजं पोर तारायला दुसरीचं पोर बुडवू व्हय?"

वाचनालयाने फिर्याद मागे घेतली, वरिष्ठांनीही प्रकरण मिटवू दिलं. ग्रंथपाल कामावर आला, बहिणीचं लग्न झालं. तो रोज सकाळी कपाट उघडून त्या जहाजावर एक फूल ठेवी. नियमात बसत नव्हतं, पण मी तिकडे काणाडोळा केला.

लढाई संपली आणि मुलगा परतला. आजी त्याला घेऊन वाचनालयात आल्या, मलाही बोलावणं होतं. चित्र पाहून तो हसला. "आये, आमच्या बोटीला शिडं नव्हती."

"नसंनात. आणलं न्हवं तिनं तुला?"

चोरी झाली की काय गेलं ते सगळेच पाहतात. मागे काय ठेवलंय तेही पाहावं, हे मी आजी आणि ग्रंथपाल या दोघांकडून शिकलो आणि पुढे नोकरीभर ते कामी आलं. निघताना आजींनी देवघरातून सोबत आणलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. "घ्या साहेब, आता जागा राखायची गरज न्हाई."