बेडकासाठी गाऱ्हाणं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा माणसाने विज्ञानात काय बरं नि काय वाईट यावर लिहावं, हा आगाऊपणा आहे. जाणत्यांनी पोटात घालावा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीला मी प्राणिशास्त्र शिकत होतो. पहिल्यांदा मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, चिरली तेव्हा सुटीत घरी गेल्यावर आईला तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "मुशी चिरायला कालेजात कशाला जायला हवं रे? नि चिरलीत ती खाल्लीत की नाय?"

नाही म्हटल्यावर ती चुलीकडे वळली.

मुशी निदान मेलेली यायची. बेडूक ओल्या गोणपाटात जिवंत यायचे. प्रयोगशाळेचे शिपाई, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते एकेकाला क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडत. सर बेडूक म्हणत नसत. विचारत, "मटेरियल आलं का?"

आमच्या गावी वर्षातून एकदा राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतात. आधी गाऱ्हाणं घालतात, काय देतोय नि कशासाठी ते सांगतात, जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात, मग सुरी. त्या कोंबड्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण पहिल्या बेडकासमोर हात चालेना. इथे कोणी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. माझ्या तोंडून हळूच निघालं, "बा देवा म्हाराजा, हा जीव शिकण्यासाठी घेतोय. चुकलंमाकलं सांभाळून घे."

शेजारी बरणी पुसत असलेले मामा सवयीने बोलून गेले, "व्हय म्हाराजा."

सगळा वर्ग हसला. "नारळ राहिला रे," मागून कोणी म्हणालं. सर हसले नाहीत. "लक्ष हातावर ठेव," एवढंच म्हणाले. पुढे मी गाऱ्हाणं मनातच घालायला लागलो.

वडील मुंबईला हॉटेलात कामाला होते. नापास झालास तर इकडेच ये, एक जागा बघून ठेवलीय, असं त्यांचं पत्र परीक्षेआधी आलं होतं.

प्रात्यक्षिकाला माझा बेडूक ताटलीत घेतला, पायाला पहिली टाचणी लावली, तर पाय आखडला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मेल्यावरही स्नायू हलतात. चालू ठेव."

तसं असेलही. पण त्याचा गळा खालीवर होत होता.

"सर, हा जागा आहे," मी म्हणालो. टाचणी काढली, मामांनी त्याला पुन्हा बरणीत घातलं. त्यात बराच वेळ गेला. शिरा मला अर्ध्याच मोकळ्या करता आल्या. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. घरी आलो तो नापास झालो असं धरूनच. मुंबईला न्यायची पिशवी आईने भरायला घेतली होती.

निकाल लांबला. कॉलेज सुरू झालं तरी माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. शेवटी मामांचं कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या:

'तू पास आहेस. प्रॅक्टिकलला काठावर. त्या दिवशी बरणीचं बूच सैल राहिलं, ती चूक माझी. परीक्षकांसमोर मी सरांना तसं सांगितलं. यंदापासून चार मुलांत एक बेडूक. काल सरांनी मला विचारलं, बेडूक आले का.'