गालाची खात्री

नरडाण्याजवळच्या फाट्यावरचा पंक्चरवाला ट्यूबमधली हवा कुठून जाते ते गालाने शोधतो. ट्यूब गालाजवळून सावकाश फिरवतो, थांबतो, "आठे शे" म्हणतो, म्हणजे इथे आहे. मग केवळ माझ्या समाधानासाठी ती टबातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवतो.

गेल्या महिन्यात त्याच्या दोन्ही पोरींना डेंग्यू झाला. मी दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टर ताप उतरल्याचं सांगत होते. त्याने ऐकून घेतलं आणि तरीही दोघींच्या कपाळांना गाल लावून पाहिला. साचलेल्या पाण्यात डास होतात हे तिथल्या भिंतीवर लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं.

परवा गेलो तर दुकानापुढच्या जुन्या टायरांना तो ड्रिलने भोकं पाडत होता.

"जन्मभर बुजवलीत, आता पाडता?" मी म्हणालो.

"पानी ऱ्हावाले नको, भाऊ."

टब पालथा होता आणि त्यावर त्याची धाकटी पाय हलवत बसली होती. त्याने माझी ट्यूब गालाजवळून फिरवली. "आठे शे." मग तोच गाल तिच्या कपाळाला लावला. बराच वेळ.

"आठे काहीच नही," म्हणाला आणि हसला.