लोणच्याच्या डब्यातल्या गोळ्या

दापोड्याच्या गोदामात दिवसभर उभ्याने खोकी भरायची, म्हणजे कंबरेचे तीनतेरा वाजणारच. आम्ही पॅकिंगच्या बायकांनी त्यावर तोड काढली होती. जिच्या घरी गोळ्यांची पाकिटं उरतील, तिने ती आणून लोणच्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. अंगदुखीची, तापाची, सर्दीची, सगळी एकत्र. डबा माझ्याकडे असायचा. जेवणाच्या सुट्टीत भाजी वाढावी तशा मी गोळ्या वाटायचे. एका गोळीने गुण नाही आला तर दुसऱ्या रंगाची. वेगळा रंग म्हणजे वेगळं औषध, असं माझं डोकं.

मागच्या वर्षी माझी अन्नावरची वासनाच उडाली. मळमळायचं, थकवा यायचा. थकवा काय, नेहमीचाच. त्याचं कौतुक कोणाला? टेमघरच्या मेडिकलमध्ये आणखी एक पाकीट मागायला गेले, तर तिथला फार्मासिस्ट विचारतो, "ताई, याशिवाय काय काय घेता?" मी वैतागले. रागारागाने डबा त्याच्यापुढे उपडा केला, दिवसाला आठ-दहा होतात म्हणून सांगितलं.

त्याने एकेका पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं आणि सहा पाकिटं बाजूला सारली. "नावं वेगळी, पण सगळ्यांत पॅरासिटामॉलच आहे. बेताने घेतलं तर चांगलं औषध. तुम्ही दिवसाला आठ-दहा घेताय. लिव्हरने किती सोसायचं?" गोळ्या दिल्याच नाहीत. रक्त तपासायला डॉक्टरकडे धाडलं. लिव्हरला सूज निघाली, पण वेळेत कळली.

मला धडकी भरली ती वेगळ्याच विचाराने. माझ्या टेबलावरची जोडीदारीण माझ्याइतक्याच गोळ्या खायची, आणि वर आठवड्याचे दोन उपवास. उपाशीपोटी या गोळ्या लिव्हरला जास्तच बाधतात, असं डॉक्टरने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? कंबर दुखतं, गोळी न्हाय खाल्ली तर काम कोन करंल?" तिचं खोटं नव्हतं. तशीच हाताला धरून तिला मेडिकलमध्ये नेलं.

ती वाचली, हे आधीच सांगते. महिनाभर दवाखान्यात होती. तिथे तिला पाठवलं ते त्या फार्मासिस्टनेच. त्याने तिला उजेडात उभं केलं, डोळे पाहिले. पिवळे होते. रोज तिच्यासमोर बसून जेवणाऱ्या मला ते दिसले नव्हते.

"दिवसाला किती गोळ्या घेता?" त्याने हळू विचारलं.

"मला न्हाय ठावं," ती म्हणाली. "हिला विचारा. हीच देतं मला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मान खाली घालून आकडा सांगितला.