भोकांची डिग्री

चार जण जमले की लोक आपापल्या नोकरीतले विनोद सांगतात. माझ्याकडे विनोद नाहीत, संताप आहेत! सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात चार वर्षं काढली. रोज एक तरी साठायचाच. ऐकणारे हसतात, तो त्यांचा प्रश्न.

मुंबईहून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आले होते. मुलाखतीत मॅनेजर शिंदेसाहेबांना माझा कॉलेजातला प्रोजेक्ट समजावला. कुठलं यंत्र किती वेळ आणि कशामुळे बंद राहतं, ते कॉम्प्युटरकडून शोधायचं. साहेबांनी अर्धा तास मान डोलावली. मग म्हणाले, "छान! टायपिंगचा स्पीड किती?"

✽

पहिल्याच आठवड्यात शिपाई सिद्राम बायकोला घेऊन टेबलाशी उभा.

"बाई, हिला तीन दिस ताप हाय. गोळी द्या की."

"अहो, मी कॉम्प्युटर शिकलेय!"

"व्हय की! डाक्टरच्या हाताखालचा, त्योच न्हवं का?"

कंपौंडर! मी चिडून हातातली फाइल टेबलावर आपटली. त्याची बायको हळूच म्हणाली, "चला. नव्या हायत त्या अजून."

✽

आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, तो पुण्यात. तिथे आमच्या नोंदी भोकं पाडून ज्यांवर उतरवायचे, ती कार्डं मी इथे तपासायची आणि गठ्ठा एसटीने परत पाठवायची. एकदा हेडक्लार्क कुलकर्ण्यांनी त्या गठ्ठ्याला आरपार दोन भोकं पाडून फाइलची दोरी ओवली. सुटे कागद बाहेर पाठवायचे नाहीत, असा नियम!

"अहो, यातल्या भोकांनाच अर्थ असतो!" मी ओरडले.

"इतकी होतीच की," ते शांतपणे म्हणाले. "दोन वाढली!"

✽

नवी कार्डं गेली. आठ दिवसांनी उत्तर आलं, एका कार्डावर एक स्वल्पविराम राहिलाय. सगळं काम अडलं. शिंदेसाहेब म्हणाले, "एवढ्याशा टिंबासाठी? माणूस असता तर समजून घेतलं असतं!"

✽

आता नरसय्याची नोटीस कशी रद्द झाली, ते सांगते.

नरसय्या आमचा जुना विणकर, घरी तेलुगू बोलणारा. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उठते. जसं भोक, तसा धागा. ते पुठ्ठेही तोच करायचा. 'माग बंद ठेवतो, कामचुकार' म्हणून साहेबांनी त्याला कामावरून काढायची नोटीस दिली.

कुठला माग कधी आणि का बंद होता, याच्या तीन महिन्यांच्या नोंदी मी पुण्याला पाठवल्या. उत्तर आलं, एकट्या नरसय्याचा नाही, सगळेच माग बंद राहतात. सूत नसतं म्हणून. आणि सूत गोदामात पडून राहतं, साहेबांच्या सहीसाठी!

कागद घेऊन मी थेट मालकांच्या खोलीत शिरले. साहेब तिथेच बसले होते.

"मशीन चुकलंय!" ते कडाडले. "भोकं पाडून माणसं ओळखता येतात होय?"

मी कागद मालकांच्या पुढ्यात ठेवला. मालकांनी नरसय्याला बोलावून घेतलं. "तुला काय म्हणायचंय?"

नरसय्याने माझ्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मालक, चादरीवर मोराची मान वाकडी आली, तर आमी पुठ्ठा तपासतो. साहेबांनी मोराला नोटीस दिली!"