माझं आमेन

"आमेन!" सर मोठ्याने म्हणाले. माझी प्रार्थना अजून चालू होती.

पिपरी मेघेत, सरांच्याच घरच्या बैठकीत, गुरुवारची प्रार्थनासभा. आमची रीत अशी, की डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याची प्रार्थना, त्यानेच शेवटी आमेन म्हणायचं, मग बाकीच्यांनी. सरांनी माझं वाक्य मधेच तोडून आमेन म्हटलं. सगळ्यांनी मागून म्हटलं. संपलं.

माझी रूथ दवाखान्यात होती. दहावीतली पोर. दोन्ही किडन्या गेलेल्या. मी देवाला म्हणत होते, "बापा, तुह्याजवळ कायची कमी हाय? माह्याजवळ एकच पोरगी हाय. काऊन नेऊन राह्यला तिले? माह्यी उमर काट, तिच्यात टाक. पण बोल. असा चूप नको बसू..."

तिथेच तोडलं.

सर निवृत्त हेडमास्तर, चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी. आजोबांपासून ख्रिस्ती, मिशनच्या बंगल्यात वाढलेले. मी सिंदीच्या बाजारात सुक्या मिरच्या विकणारी विधवा.

"बाई, हा मिरचीचा बाजार नाही," सर हसून म्हणाले. "देवाशी घासाघीस करत नसतात. शब्द जमत नसतील तर मनातल्या मनात करा. तुमच्यासाठी मी करतो."

मागून कुणीतरी खिदळलं. "मावशी तं देवालेबी भाव पाडून मांगते!"

मग सरांनी प्रार्थना केली. हे परमदयाळू स्वर्गस्थ पित्या. लोण्यासारखे शब्द. त्यात माझ्या रूथला ते रिबेका म्हणाले. कुणी टोकलं नाही.

मी भांडणात हार जाणारी नाही. पोतं तोलताना हात मारणाऱ्या दलालाचा काटा मी भर बाजारात उलटवलाय. त्यानंतर दलालच सोडले. सरळ शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन माल उचलला. पण त्या बैठकीत मी हार गेले. वाटलं, देवाला सरांचेच शब्द कळत असतील.

रूथचा शेवटचा दिवस. तिचा चेहरा सुजलेला, आवाज बारीक.

"आई, त्या दिवशी तुह्यी प्रार्थना अर्धीच राह्यली म्हणे. आता पुरी कर ना."

"मले नाई येत, बेटा. थांब, सरले बोलावते."

"सर काऊन? तू कर. तुह्या आवाजात."

मी खाली जाऊन सरांच्या घरी फोन लावला. सूनबाई म्हणाली, सर लग्नाला गेलेत, उद्या येतील. मी वर आले. रूथचा हात धरून बसले. तिला माझा आवाज पाहिजे होता. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. संध्याकाळी ती गेली.

कबरस्थानात सर आले, पांढऱ्या सदऱ्यात. "चला, प्रार्थना करू या."

"थांबा, सर. मी करीन."

"बाई, तुमची आत्ता मनःस्थिती..."

"माह्या पोरीचं नावबी तुमाले ठावं नोतं."

मी डोळे मिटले नाहीत. खड्ड्यातल्या पेटीकडे पाहत, जिथे तोडलं होतं तिथूनच सुरू केलं. "बापा, चूप नको बसू म्हटलं होतं तुले. तू चूपच बसला. काऊन?" छाती फुटेपर्यंत ओरडले.

"आमेन," सर हळूच म्हणाले.

एकदोघांचे ओठ हलले. मी वळून पाहिलं. ओठ थांबले.

"माह्यं झालं नाई."

चर्चमधले आमचे पाळक दर गुड फ्रायडेला सांगतात, येशू मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला. आता कुणीही सरळ देवापाशी जावं, भिऊ नये. हे मी दरसाल ऐकत होते. पण फाटलेल्या पडद्याच्या जागी सर खुर्ची टाकून बसलेत, हे मला पोरगी मातीत ठेवताना दिसलं.

देवाने अजून उत्तर दिलेलं नाही. रूथची शाळेची सँडल दाराशी तशीच आहे. मी दर गुरुवारी सभेला जाते. पुढे बसते, सरांच्या समोर. माझी पाळी आली की त्याच आवाजात, त्याच बोलीत विचारते, पोरगी काऊन नेली? विचारून गप्प होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

त्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलेलं नाही. माझ्या वतीने कुणी म्हणून दाखवावं.