मुरगूडच्या ताईंची सीडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी साधी डोकेदुखीसुद्धा सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण लपवून ठेवायचाच आता कंटाळा आलाय.

शाहूपुरीत माझं कॅसेटवरून सीडी करून द्यायचं दुकान होतं. आवाज हवा तर याच्याकडेच जा, असं लोक म्हणायचे. ते खोटं नव्हतं. कोरी सीडी मी उजेडात तिरकी धरून बघायचो. खालच्या थराचा रंग एकसारखा नसेल तर बाजूला टाकायचो. चांगल्या सीडी वेगळ्या, डबीतल्या. त्यांवर गाणी भरायची तीही सावकाश. सुट्या गठ्ठ्यातली स्वस्त सीडी घेऊन बावन्नच्या स्पीडनं भरली, तर आज वाजते, दोन-तीन वर्षांनी वाजेल याची खात्री नाही. हे सगळं मला माहीत होतं — माहीत नसतं, तर आज सांगण्यासारखं काय होतं?

मुरगूडहून एक ताई आल्या. शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील गावोगाव जयंतीला गायचे, गाणी स्वतः रचायचे. ते गेले होते. मागे उरली होती एकच कॅसेट, समाजमंदिरात कुणीतरी टेप पुढ्यात ठेवून भरलेली. रुमालात बांधून आणली होती त्यांनी. सीडी चांगल्यातलीच घ्या, हे दोनदा सांगितलं आणि दुपारी येते म्हणून गेल्या.

कॅसेट मी कॉम्प्युटरवर नीट उतरवली. खरखर काढली, आवाज मोकळा केला. जीव लावून केलं — पण दिवस गणपतीचे. मंडळांची माणसं काउंटरवर रेलून बसलेली, आणि चांगल्या सीडींची डबी रिकामी. उद्या या म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. ताई आल्या असत्या. पण मी गठ्ठ्यातली एक उचलली. उजेडात धरलीसुद्धा नाही. बावन्नवर भरून मोकळा झालो.

दोन मिनिटं वाजवून दाखवली. वडिलांचा आवाज आला तशा ताई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. कॅसेट न्यायची का, असं त्यांनी विचारलं. कशाला, सीडी जन्मभर जाते, असं मी म्हणालो. कॅसेट दुकानातच राहिली आणि पुढे रद्दीत गेली. कॉम्प्युटरवरचं तर मी दर आठवड्याला पुसायचोच.

तीन वर्षांनी ताई परत आल्या. सीडी अडखळत होती. एखादी ओळ यायची, मग नुसती करकर. मी ती उजेडात धरली — तेव्हा धरली! — आणि एका नजरेत कळलं. कडेनं थराचा रंगच उडाला होता. माल हलका होता, दुसरं काही नाही. पण वरच्या बाजूला ताईंनी वडिलांचा फोटो गोल कापून चिकटवलेला होता. मला सुटका दिसली.

का बोललो मी? नाव जाईल म्हणून? दुकान तर बंदच पडायला आलं होतं. नाव कुणासाठी राखायचं होतं?

"फोटो चिकटवला न्हवं ताई, म्हणून गेली," मी म्हणालो. "सीडीवर कायबी चिकटवायचं नसतंय."

त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या भांडल्या नाहीत. काढला तर वाजेल का, एवढंच विचारलं. बघा, म्हणालो — वाजणार नाही हे ठाऊक असताना. त्या नखानं फोटो सोडवायला लागल्या. तो निघेना, मग मधोमध फाटून आला. मी काउंटरच्या अलीकडे उभा राहून बघत होतो.

सीडी वाजली नाही. फोटोचे तुकडे त्यांनी पर्समध्ये ठेवले.

"तुमी एवढं चांगलं करून दिलतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं गेलं की."

मी होय म्हणून मान हलवली.